लिनक्सचे घड्याळ साडेपाच तास मागे का जाते आणि ते हाताने का लावू नये

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. पिंपळगाव बसवंतजवळच्या तुमच्या द्राक्ष पॅकहाऊसमध्ये कोल्ड स्टोरेजचे तापमान नोंदवणारा एक लिनक्स संगणक आहे. त्याच्या पडद्यावरची वेळ साडेपाच तास मागे दिसते. तुम्ही डेट कमांडने ती बरोबर लावता, पण वीज जाऊन आली किंवा डोंगलला रेंज मिळाली की घड्याळ पुन्हा मागे जाते. रोजचा तक्ता मध्यरात्री न बदलता पहाटे साडेपाचला बदलतो. आणि आता खरेदीदाराने एका कंटेनरच्या नोंदी परत पाठवल्या आहेत, कारण आवक वहीप्रमाणे माल आला साडेअकराला आणि संगणकाप्रमाणे तो थंड झाला आठला.

आधी एक कळकळीची विनंती. आजपासून घड्याळ हाताने लावणे थांबवा. तुमचे घड्याळ बिघडलेले नाही. ते बरोबर चालले होते आणि दर वेळी तुम्ही ते बिघडवत होता. संगणक ते दुरुस्त करत होता आणि तुम्ही पुन्हा बिघडवत होता. हे का घडते ते समजून घ्या, कारण पुढचे सगळे त्यावर अवलंबून आहे.

युनिक्सच्या कुळातला कोणताही संगणक, लिनक्सही त्यातलाच, आतमध्ये तास-मिनिटे ठेवतच नाही. तो फक्त सेकंद मोजतो: १ जानेवारी १९७० च्या मध्यरात्रीपासून, तीही भारतातली मध्यरात्र नव्हे, जागतिक समन्वित वेळेची, म्हणजे यूटीसीची. ही मोजणी नाशिकमध्ये, रॉटरडॅममध्ये आणि टोकियोमध्ये एकाच क्षणी एकच असते. पडद्यावर 'सकाळचे साडेअकरा' दिसतात ते या मोजणीवर टाइमझोनचा नियम लावून. तुमच्या यंत्रात टाइमझोन यूटीसीच राहून गेला आहे. बहुतेक सर्व्हर आणि तयार इमेज, म्हणजे सिस्टीमच्या आयत्या प्रती, तशाच येतात. त्यामुळे मोजणी बरोबर असूनही पडद्यावर सहा वाजलेले दिसतात.

तुम्ही काय केलेत? नियम बदलण्याऐवजी मोजणीच साडेपाच तास पुढे ढकलली. पडदा मनगटावरच्या घड्याळाशी जुळला, पण आता ते यंत्र जगाच्या साडेपाच तास पुढे धावू लागले. डोंगलला रेंज मिळाली की इंटरनेटवरच्या वेळेच्या सर्व्हरने त्याला खरी मोजणी सांगितली आणि ते परत आले. वीज गेली तरी तेच होते, कारण डेट कमांड मदरबोर्डवरच्या घड्याळाला हात लावत नाही. यंत्र पुन्हा सुरू होताना तिथली जुनी, बरोबर वेळ वाचते.

म्हणून काही करण्याआधी फरक किती आहे ते पाहायचे. मी गेली अनेक वर्षे अंबड-सातपूरच्या कारखान्यांत हीच कामे करतो आणि फरकाचा आकडा ऐकूनच निम्मे निदान होते. नेमके साडेपाच तास मागे असेल तर टाइमझोन लावलेला नाही. नेमके साडेपाच तास पुढे असेल तर बहुधा त्याच यंत्रावर विंडोजही आहे. नेमके अकरा तास मागे असेल तर कोणीतरी टाइमझोन आकड्याने लिहिताना चिन्ह उलटे टाकले आहे. काही सेकंद किंवा मिनिटे असतील तर घड्याळ सरकते आहे आणि त्याला जुळवून घ्यायला कोणी नाही. आणि यंत्र दर वीजकपातीनंतर काही महिने किंवा वर्षे मागे जात असेल तर मदरबोर्डवरचा सेल संपला आहे.

आता दुरुस्ती. कमांड इथे उच्चाराप्रमाणे लिहितो, टाइप करताना नेहमीच्या स्पेलिंगने करा. सुरुवातीला तापमान नोंदवणारा प्रोग्रॅम थांबवा आणि थांबवल्याची वेळ वहीत लिहा. मग टर्मिनलवर फक्त 'टाइमडेटसीटीएल' म्हणा. तीन वेळा दिसतील: लोकल म्हणजे स्थानिक, युनिव्हर्सल म्हणजे यूटीसी आणि आरटीसी म्हणजे मदरबोर्डवरच्या घड्याळाची. आधी युनिव्हर्सलची ओळ पाहा. मोबाइलवरच्या वेळेतून साडेपाच तास वजा केल्यावर ती जुळली पाहिजे. ती जुळत असेल तर मोजणी बरोबर आहे आणि तिला अजिबात हात लावायचा नाही. काम फक्त नियमाचे आहे: 'सुडो टाइमडेटसीटीएल सेट-टाइमझोन एशिया/कोलकाता'. यात 'एशिया'चा ए आणि 'कोलकाता'चा के मोठ्या लिपीतला. लोकलची ओळ त्याच क्षणी बरोबर होईल.

युनिव्हर्सलची ओळच चुकीची असेल, म्हणजे तुम्ही शेवटी हाताने लावलेली वेळ अजून तशीच असेल, तरीही आधी टाइमझोनच लावा आणि मगच वेळ जुळवा. हाताने दिलेली वेळ संगणक चालू टाइमझोनमधली समजतो. क्रम चुकला की पुन्हा साडेपाच तासांचा घोळ होतो.

ही कमांड पडद्यामागे काय करते तेही सांगतो, कारण जुन्या किंवा छोट्या यंत्रांवर ती नसते. 'ईटीसी' फोल्डरमध्ये 'लोकलटाइम' नावाची एक लिंक असते. ती 'यूएसआर/शेअर/झोनइन्फो' मधल्या एका शहराच्या फाइलकडे बोट दाखवते. लिंक बदलली की टाइमझोन बदलला. अल्पाइन या छोट्या लिनक्सवर त्यासाठी 'सेटअप-टाइमझोन' आहे, युनिक्सच्या कुळातल्या फ्रीबीएसडीवर 'टीझेडसेटअप'. त्याच कुळातल्या ओपनबीएसडीवर लिंक स्वतः करावी लागते. मॅकवर सेटिंग्जमधून काम भागते.

बरेच जण त्या यादीत मुंबई शोधतात आणि नाशिकही शोधतात. दोन्ही सापडत नाहीत. या यादीचा संकेत असा, की १९७० पासून ज्या प्रदेशाचे घड्याळ एकच राहिले त्याला एकच नोंद, आणि तिला तिथल्या मोठ्या शहराचे नाव. भारतभर १९७० नंतर एकच वेळ आहे, म्हणून एकच कोलकाता. 'एशिया/कॅलकटा' हे जुने नाव अजून चालते, तो त्याच फाइलचा दुसरा दरवाजा आहे.

टाइमझोनसाठी साडेपाच हा आकडा पुरत नाही, शहराचे नाव लागते, याला कारण आहे. त्या फाइलमध्ये नियमांचा इतिहास असतो. दुसऱ्या महायुद्धात भारताची घड्याळे एक तास पुढे केली होती. यंत्राला १९४३ मधली एखादी तारीख कोलकात्याच्या टाइमझोनमध्ये दाखवायला सांगा, फरक साडेसहा तास दाखवेल. भारतीय प्रमाणवेळ १ जानेवारी १९०६ पासूनची, पण मुंबईने स्वतःची वेळ १९५५ पर्यंत सोडली नव्हती. ती प्रमाणवेळेच्या ३९ मिनिटे मागे होती. आपल्याकडे पंचांग पाहणाऱ्यांना यात नवल वाटणार नाही. प्रमाणवेळ ८२.५ अंश पूर्व रेखांशाची, मिर्झापूरजवळची. नाशिक त्याच्या पश्चिमेला पावणेनऊ अंशांच्या आसपास. एका अंशाला चार मिनिटे धरा, म्हणजे गोदाकाठी सूर्य डोक्यावर येतो तेव्हा घड्याळात वर्षाच्या सरासरीने साधारण १२ वाजून ३५ मिनिटे झालेली असतात. घड्याळातली वेळ ही माणसांनी ठरवलेली आहे आणि माणसे ती बदलतात. संगणकाच्या आतली मोजणी मात्र सरकारी निर्णयाने बदलत नाही. दोन्ही गोष्टी वेगळ्या ठेवण्यातच शहाणपण आहे.

एक सापळा इथेच सांगतो. 'टाइमडेटसीटीएल'ला चुकीचे शहर दिले तर ते नकार देते. पण टीझेड नावाच्या एन्व्हायर्न्मेंट व्हेरिएबलमध्ये, म्हणजे प्रोग्रॅमला बाहेरून दिलेल्या सेटिंगमध्ये, 'एशिया/नाशिक' लिहिले तर लिनक्स काहीही तक्रार न करता यूटीसी दाखवतो आणि वेळेच्या शेवटी टाइमझोन म्हणून नुसते 'एशिया' छापतो. डेटच्या उत्तरात 'आयएसटी' ऐवजी 'एशिया' दिसले की समजा, स्पेलिंग चुकले आहे किंवा टाइमझोनच्या फाइलच नाहीत. डॉकर, म्हणजे प्रोग्रॅम वेगळ्या बंद कप्प्यात चालवण्याची सोय, त्याच्या छोट्या इमेजमध्ये टाइमझोनच्या फाइलचे 'टीझेडडेटा' हे पॅकेज बहुधा नसते, तिथे हे हमखास होते. हा कप्पा (त्यालाही कंटेनरच म्हणतात, मालाचा नव्हे) मोजणी होस्टची, म्हणजे मूळ यंत्राचीच वापरतो, पण टाइमझोन त्याचा स्वतःचा असतो. होस्ट दुरुस्त केला म्हणून आतला प्रोग्रॅम दुरुस्त झाला असे नाही.

आणि टीझेडमध्ये 'आयएसटी' आणि आकडा लिहायचा मोह टाळा. तिथे चिन्ह उलटे असते: भारतासाठी वजा साडेपाच. अधिक लिहिलेत की वर सांगितलेले अकरा तास झाले. शिवाय 'आयएसटी' हे लघुरूप इस्राएल आणि आयर्लंडही वापरतात. ईमेलमध्ये ते चालते, नोंदवहीत नको.

टाइमझोन लागला. आता मदरबोर्डवरचे घड्याळ, म्हणजे आरटीसी. यंत्र बंद असताना हेच चालते, रुपयाएवढ्या सीआर २०३२ सेलवर. त्याला टाइमझोन कळत नाही, नुसती तारीख आणि वेळ कळते. ती यूटीसी मानायची की स्थानिक हे ऑपरेटिंग सिस्टीम ठरवते. युनिक्सवाले यूटीसी मानतात, विंडोज स्थानिक मानते, म्हणून एकाच यंत्रावर दोन्ही असतील तर भांडण होते. तुमच्याकडे फक्त लिनक्स आहे, तेव्हा 'टाइमडेटसीटीएल'चे 'सेट-लोकल-आरटीसी' शून्य ठेवा आणि मोजणी बरोबर असल्याची खात्री झाल्यावर 'एचडब्ल्यूक्लॉक'ला 'सिस्टूएचसी' हा पर्याय देऊन ती वेळ तिथे लिहा. सेल तीन-चार वर्षांचा असेल तर सरळ बदला. त्या किमतीत शंका पोसू नये.

नोंदवणारे यंत्र रास्पबेरी पाय, म्हणजे तळहाताएवढा एका पाटीचा संगणक, असेल तर जास्त काळजी. पाचव्या पिढीच्या आधीच्या पायमध्ये आरटीसीच नाही. पाचव्यात आहे, पण सेल वेगळा घ्यावा लागतो. वीज गेली की असे यंत्र शेवटच्या बंद होण्याच्या आसपासची वेळ धरून पुढे निघते. तारीख १९७० ची दिसत नाही म्हणून कोणाला संशय येत नाही, आणि रात्रभराची वीजकपात नोंदींतून नाहीशी होते. डीएस ३२३१ ही घड्याळाची चिप असलेले छोटे मॉड्यूल बसवा.

कोणतेही क्वार्ट्झ घड्याळ सरकते. आरटीसीचा स्फटिक सेकंदाला ३२,७६८ वेळा कंपतो. दहा लाखांत वीस इतकी चूक धरली तरी दिवसाला पावणेदोन सेकंद होतात, महिन्याला जवळपास एक मिनिट. तापमान बदलले की चूकही बदलते, आणि तुमचे यंत्र तर थंड खोलीच्या दाराशी ठेवलेले असणार. म्हणून जुळवणी लागते. तिचा प्रोटोकॉल एनटीपी, म्हणजे नेटवर्क टाइम प्रोटोकॉल, १९८५ पासूनचा, डेव्हिड मिल्स यांनी घडवलेला. तो नेटवर्कवर यूडीपी या पद्धतीच्या १२३ क्रमांकाच्या पोर्टवर चालतो. तुमच्या राउटरने तो अडवला नाही ना ते तपासा.

लिनक्सबरोबर येणारा 'टाइमसिंकडी' साध्या संगणकाला पुरतो. तुमच्यासाठी मी 'क्रोनी' सुचवेन. तो एका वेळी अनेक सर्व्हरांची तुलना करतो, खोटे बोलणारा सर्व्हर बाजूला काढतो आणि तुटक्या डोंगलवरही टिकतो. भारताची प्रमाणवेळ दिल्लीची राष्ट्रीय भौतिकी प्रयोगशाळा अणुघड्याळांवर राखते आणि तिचा एनटीपी सर्व्हर सर्वांना खुला आहे. केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या, म्हणजे सर्ट-इनच्या, एप्रिल २०२२ च्या निर्देशांतही याच प्रयोगशाळेच्या किंवा एनआयसीच्या, म्हणजे राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राच्या, सर्व्हरांशी, अथवा त्यांच्याशी जोडलेल्या सर्व्हरांशी घड्याळे जुळवायला सांगितले आहे. हे दोन आणि जोडीला एनटीपी पूल या सर्वांना खुल्या सर्व्हरसंचातले भारतातले सर्व्हर क्रोनीला द्या. मग 'क्रोनीसी ट्रॅकिंग' म्हणा. 'सिस्टीम टाइम'च्या ओळीत फरक मिलिसेकंदांत आला पाहिजे.

पॅकहाऊसमध्ये सीसीटीव्हीचा डीव्हीआर आणि वजनकाट्याचा संगणकही असेल. त्या सगळ्यांना इंटरनेटवर सोडण्यापेक्षा हे एकच यंत्र त्यांचा वेळेचा सर्व्हर करा. क्रोनीच्या सेटिंगमध्ये 'अलाउ' या ओळीत तुमच्या नेटवर्कचा पत्ता द्यायचा आणि 'लोकल' ही ओळ चालू करायची, एवढेच. बाहेरचे नेट गेले तरी सगळी घड्याळे निदान एकमेकांशी जुळलेली राहतात. ट्रक दारात आल्याचे चित्र, काट्यावरचे वजन आणि खोलीचे तापमान या तिन्हींची वेळ जुळणे हाच तुमचा पुरावा असतो.

आता ज्या गोष्टीसाठी मी इतके लिहितो आहे ती. चालू यंत्राचे घड्याळ उडी मारून मागे नेणे धोक्याचे असते. सातपूरच्या एका कारखान्यात मी हे स्वतः केले आहे. घड्याळ बारा मिनिटे पुढे होते, पाळी चालू होती आणि मी ते एका कमांडने मागे ओढले. वजनाच्या नोंदींमध्ये तीच बारा मिनिटे दोनदा आली. प्रोग्रॅमने वेळेलाच नोंदीची ओळख मानले होते, त्यामुळे नव्या नोंदींनी काही जुन्या पुसल्या. दोन माणसांनी दोन दिवस कागदी चिठ्ठ्यांवरून त्या पुन्हा भरल्या. चूक माझी होती, आणि तेव्हापासून नोंद करणारा प्रोग्रॅम थांबवल्याशिवाय मी घड्याळाला हात लावत नाही.

एनटीपीचे प्रोग्रॅम याच कारणाने छोटा फरक हळूहळू भरून काढतात. जुना 'एनटीपीडी' सेकंदामागे फार तर अर्धा मिलिसेकंद सरकतो, म्हणजे एका सेकंदाच्या फरकाला ३३ मिनिटे. क्रोनीच्या सेटिंगमध्ये 'मेकस्टेप १ ३' अशी ओळ सहसा असते. तिचा अर्थ, फरक एका सेकंदाहून मोठा असेल तर सुरुवातीच्या तीन जुळवण्यांतच उडी मारायला परवानगी, नंतर नाही. ही ओळ सैल करू नका.

मग प्रश्न उरतो यंत्र सुरू होतानाचा. लिनक्समधल्या सेवा सुरू करणाऱ्या सिस्टीमडीमध्ये 'टाइम-सिंक' नावाचा टप्पा आहे आणि 'क्रोनी-वेट' ही सेवा चालू केली की तुमचा प्रोग्रॅम त्या टप्प्यानंतर सुरू होईल असे सांगता येते. बँकेच्या कामाला मी तेच सांगितले असते. पण रेंज नसेल तर तुमच्याकडे तापमानाची नोंदच होणार नाही, आणि द्राक्षांसाठी ते जास्त वाईट. म्हणून माझे मत असे: थोडी वाट पाहा, मग नोंद सुरू करा, पण प्रत्येक नोंदीपुढे घड्याळ जुळलेले आहे की नाही हा एक रकाना ठेवा. शंका असेल तर ती नोंदीतच लिहिलेली असू दे.

टाइमझोन बदलल्यावर आधीपासून चालू असलेले प्रोग्रॅम जुनाच टाइमझोन धरून बसतात. क्रॉन, म्हणजे ठरल्या वेळी कामे चालवणारा प्रोग्रॅम, आणि तापमानाचा प्रोग्रॅम पुन्हा सुरू करा, किंवा यंत्रच रीबूट करा. तुमचा तक्ता पहाटे साडेपाचला बदलतो तो यामुळेच: यूटीसीची मध्यरात्र म्हणजे आपली पहाटेची साडेपाच. उद्यापासून तो रात्री बाराला बदलला तर काम झाले. नाही बदलला तर प्रोग्रॅमच्या स्वतःच्या सेटिंगमध्ये टाइमझोन वेगळा दिलेला आहे का ते पाहा.

पुढच्या हंगामासाठी प्रोग्रॅम करणाऱ्याला सांगा, साठवताना वेळ यूटीसीत किंवा शेवटी अधिक ०५:३० लिहून साठव, दाखवताना भारतीय वेळ दाखव. नेदरलँड्सला माल पाठवणाऱ्याला हे जास्तच लागू. आपला निर्यातीचा हंगाम जानेवारी ते एप्रिल चालतो आणि मार्चच्या शेवटच्या रविवारी, आपल्या सकाळी साडेसहाला, युरोपची घड्याळे एक तास पुढे जातात. आदल्या दिवसापर्यंत रॉटरडॅम आपल्या साडेचार तास मागे, नंतर साडेतीन. न्हावा शेवाहून निघताना कंटेनरवर लिहिलेली नुसती 'सकाळचे दहा' ही वेळ तिथे पोचल्यावर कोणी कशीही वाचू शकते.

राहिल्या जुन्या नोंदी. त्यांची मूळ फाइल आधी वेगळी ठेवा आणि तिला पुन्हा हात लावू नका. प्रतीमध्ये नवा रकाना करून दुरुस्त वेळ लिहा, पण सरसकट साडेपाच तास मिळवू नका. तुम्ही जेव्हा जेव्हा हाताने वेळ लावली, त्या काळातल्या नोंदींवर आकडे आधीच भारतीय वेळेचे आहेत. ते काळ शोधायचे कसे? यंत्राचे जर्नल, म्हणजे त्याने स्वतः ठेवलेली घडामोडींची नोंद, डिस्कवर साठत असेल तर त्यात घड्याळ बदलल्याच्या ओळी सापडतात. 'जर्नलसीटीएल'ला 'शॉर्ट-मोनोटॉनिक' हे रूप मागा, म्हणजे यंत्र सुरू झाल्यापासूनचे सेकंद दिसतील, आणि ती मोजणी कोणी हाताने बदलू शकत नाही. जर्नल नसेल तर नोंदींमधली अंतरे पाहा: दर पाच मिनिटांच्या नोंदींत अचानक साडेपाच तासांची खिंड किंवा उलटी उडी दिसेल, तिथे सीमा. परत आलेल्या कंटेनरसाठी खरेदीदाराला मूळ फाइल, दुरुस्त फाइल, आवक वहीच्या पानाची प्रत आणि टाइमझोन कधी व कसा दुरुस्त केला याच्या चार ओळी एकत्र पाठवा. माल साडेअकराला आला आणि दीड वाजता थंड झाला, हे त्या कागदांवरून त्यांना स्वतः पडताळता येईल.